गिअर उडतोय? स्क्रू फिरवण्याआधी वायर बघा

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकत असेल तर लगेच कळेल. सायकल २१ गिअरची, पुढे तीन चकत्या आणि मागे सात. पावसाळाभर पडवीत उभी होती. दसऱ्याला बाहेर काढली तेव्हापासून मागचे गिअर नीट बसत नाहीत. सपाटीला कटकट आवाज येतो. धोपाव्याच्या फेरीबोटीतून उतरून वर येताना जोर लावला की चेन सटकते. मोठ्या चकतीवरून छोटीकडे यायचं तर एका क्लिकला काहीच होत नाही, दुसऱ्या क्लिकला दोन चकत्या एकदम उडतात. व्हिडिओ बघून तुम्ही डिरेलरचे, म्हणजे मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राचे, दोन्ही स्क्रू फिरवलेत, आणि आता चेन कधीकधी मोठ्या चकतीच्या पलीकडे, चाकाच्या तारांकडे जाते. दुकानदार म्हणतो डिरेलर बदला. बदलावं का?

एवढ्यात नको. रत्नागिरीत माझ्याकडे गिअरच्या ज्या सायकली दुरुस्तीला येतात, त्यांत खरोखर संपलेलं डिरेलर क्वचित निघतं. ते बिचारं सगळ्यांच्या नजरेसमोर लोंबकळत असतं, त्यावर फिरवायला स्क्रू असतात, म्हणून संशय त्याच्यावरच जातो. पण स्क्रू आपले आपण फिरत नाहीत. मे महिन्यात गिअर बरोबर पडत होते, तर जून ते सप्टेंबरमध्ये पडवीत येऊन कुणी स्क्रू फिरवून गेलेलं नाही. बदललं ते दुसरंच काहीतरी, आणि आपल्या किनारपट्टीवर ते बहुतेक वेळा गिअरची वायर आणि तिचं आउटर, म्हणजे ती ज्यातून जाते ते बाहेरचं आवरण, असतं.

आता हे सगळं मी सायकल न बघता सांगतोय. मध्यंतरी ती उजव्या बाजूला पडली का, कुणी टेम्पोत टाकून आणली का, ओहोटीला गुहागरच्या वाळूवर चालवता का, चेन पहिलीच आहे की मध्ये बदललीय, यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. त्या त्या ठिकाणी तसं सांगतो.

आधी यंत्र कसं चालतं ते दोन मिनिटांत समजून घ्या, मग बाकीचं तुम्हालाच सुचेल. हँडलवरचा शिफ्टर वायर ओढतो किंवा सैल सोडतो, एवढंच त्याचं काम. वायर ओढली की डिरेलर आत, म्हणजे मोठ्या चकतीकडे सरकतं. सोडली की डिरेलरमधली स्प्रिंग त्याला परत बाहेर, छोट्या चकतीकडे खेचते. म्हणजे मोठ्या चकतीवर चढायला तुमचा अंगठा आणि छोटीवर उतरायला स्प्रिंग. सात गिअरच्या साध्या शिमानो संचात एका क्लिकला शिफ्टर सुमारे तीन मिलिमीटर वायर ओढतो आणि त्यावर डिरेलर सुमारे पाच मिलिमीटर सरकतं. मागच्या दोन चकत्यांमधलं अंतरही तेवढंच असतं. आता विचार करा, आउटरच्या आत वायर गंजून मिलिमीटरभर जरी अडकली, तरी चेन जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर चुकीच्या जागी उभी राहणार. एका चकतीवर बसायचं की शेजारच्या, हे तिलाच कळत नाही. तुमची कटकट ती हीच. क्लिकवर चालणारी ही पद्धत शिमानोने १९८४ साली बाजारात आणली. त्याआधी चालवणारा कानाने ऐकून दांडी पुढेमागे करायचा, त्यामुळे वायर थोडी अडकली तरी भागून जायचं. आता भागत नाही.

यावरून रोग ओळखायची एक सोपी खूण निघते. बिघाड रोज तोच, तसाच आणि एकाच दिशेचा असेल, तर वायरचा ताण कमीजास्त झालाय. मोठ्या चकतीवर चढायला आळस करतो, उतरताना झटकन उतरतो, तर ताण कमी. उलट असेल तर ताण जास्त. पण कधी बसतो कधी बसत नाही, चढताना ठीक आणि उतरताना अडखळून मग उडी, असं असेल तर वायर आत घासतेय. अंगठ्यात जोर असतो, तो गंजलेली वायरही ओढून नेतो. स्प्रिंगमध्ये तेवढा जोर नसतो. तुमचं वर्णन सरळसरळ या दुसऱ्या प्रकारात बसतं. अशा सायकलीत ताण कितीही नीट लावा, स्क्रू कितीही फिरवा, संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. बरेच लोक इथेच दमतात आणि नवीन डिरेलर आणतात. मग जुन्याच वायरवर नवं डिरेलर बसवतात, आणि तेही तसंच वागतं.

तपासणी घरी करता येते. पडवीच्या वाशाला दोरी टाकून सायकल सीटच्या टोकाला टांगा, मागचं चाक वीतभर उचललं गेलं की पुरे. उलटी करून कामं करू नका; शिफ्टर जमिनीवर दाबले जातात आणि कुठला स्क्रू कुठे फिरवायचा याचा गोंधळ उडतो. तुमची चेन तारांकडे जाते म्हणून आणखी एक पथ्य: टांगलेल्या सायकलीवरही पेडल हळू फिरवा, आणि बोटं चाकापासून लांब.

पेडल फिरवत चेन मोठ्या चकतीवर न्या आणि थांबा. आता चाक न फिरवता शिफ्टरवर छोट्या गिअरचे सगळे क्लिक सोडा. चेन जागची हलणार नाही, पण वायर एकदम ढिली पडेल. फ्रेमवर जिथे आउटर अडकवलेलं असतं तिथे बहुतेक सायकलींत खाच असते, त्या खाचेतून आउटर बाजूला काढा आणि वायरवर मागेपुढे सरकवून बघा. बोटाच्या चिमटीत ते रेशमासारखं सरकायला हवं. खरखर लागली, तांबूस भुकटी निघाली, तर निकाल लागला. डिरेलरमध्ये शिरणारा शेवटचा गोल तुकडा आधी बघा. पाणी वायरवरून ओघळत येऊन त्याच्याच सखल भागात साठतं. नुसतं पावसाचं पाणी वाळून जातं. आपल्याकडच्या हवेतलं मीठ मात्र आत राहतं, आणि प्रत्येक दमट रात्री ते पुन्हा ओलावा ओढून घेतं. खाडीकाठच्या सायकलींत बाहेरून चकचकीत वायर आणि आत या चार बोटांच्या तुकड्यात लाल चिखल, असं दृश्य मी नेहमी बघतो.

थोडीशीच खरखर असेल तर शिलाई मशीनचं तेल सोडून वायर मागेपुढे केल्यावर काही आठवडे निभावतं. पण मी स्वतः तेवढ्यावर सोडत नाही, वायर आणि आउटर दोन्ही बदलतो. डिरेलरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. घेताना दोन गोष्टी बघा. गिअरची आतली वायर बारीक असते, साधारण १.२ मिलिमीटर, ब्रेकची १.५ किंवा १.६. शक्यतो स्टेनलेसची मागा. आणि आउटर गिअरचंच हवं, जाडी चार मिलिमीटर. खेड्यातल्या दुकानात ब्रेकचं पाच मिलिमीटरचं आउटर गिअरला लावून देतात, "दादा, सगळं एकच असतं" म्हणून. एकच नसतं. ब्रेकच्या आउटरमध्ये सपाट तार गोल गोल गुंडाळलेली असते, ते ताणाखाली आणि वळणावर किंचित दबतं. ब्रेकला त्याने काही बिघडत नाही. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीला समांतर असतात, म्हणून ते दबत नाही आणि तीन मिलिमीटर ओढलेले तीनच पोचतात. वर्षानुवर्षं गिअर न बसणाऱ्या एखाद्या सायकलीचं रहस्य एवढंच निघतं. उलटही कधी करू नका: गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात दाबल्यावर फुटू शकतं, आणि ते आंबा घाटाच्या उतारावर फुटलेलं कुणालाच परवडणार नाही.

आउटर कापताना पकडीने चेंगरू नका, चांगलं वायर कटर मागून आणा. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा. आतलं प्लॅस्टिकचं भोक कापताना बंद होतं, ते दाभणाने उघडा. मग टोपी बसवा. जुन्या तुकड्याला लावून तेवढीच लांबी ठेवा. शेवटचं वळण मोठं आणि सैल हवं, आखडलेलं नको. आत जाड ग्रीस भरायचा मोह आवरा, थेंबभर पातळ तेल बोटाने वायरला पुसलं की झालं.

वायर काढलेलीच आहे तर शिफ्टरही तपासा. वायरशिवाय क्लिक करून बघा. अंगठा नुसता ढकलला जातो आणि काही पकडतच नाही असं होत असेल, तर आतलं जुनं ग्रीस घट्ट झालंय आणि छोटी कुत्री, म्हणजे दात्यांत अडकणारे खटके, चिकटून बसलीत. चार महिने न वापरलेल्या सायकलीत हे फार होतं. शिफ्टर मेला म्हणून फेकू नका. गंज सोडवणारा स्प्रे आत मारा, पाच मिनिटं क्लिक करत राहा, घाण वाहून आली की पुन्हा मारा, शेवटी पातळ तेलाचे दोन थेंब. बहुतेक शिफ्टर जिवंत होतात.

आता हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला ज्या पट्टीवर लटकतं ती. सायकलीच्या मागे उकिडवे बसा आणि एक डोळा मिटून बघा. डिरेलरची दोन छोटी चाकं आणि वरची चकती एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालचं चाक आत, तारांकडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा टेम्पोत दुसऱ्या सायकलीखाली दाबली गेली की हे होतं. तुमची चेन तारांकडे जाण्यामागे स्क्रूबरोबर हेही कारण असू शकतं. स्वस्त सायकलींत हँगर म्हणजे एक्सलच्या नटाखाली दाबलेली लोखंडी पट्टी असते. पंक्चर काढून चाक परत बसवताना ती तिरकी बसते आणि दुसऱ्या दिवसापासून गिअर बिघडतात. नट सैल करून चाक नीट मध्यावर घेऊन पट्टी सरळ बसवली की खेळ खलास. ॲल्युमिनियमचा सुटा हँगर असेल तर तो घरी वाकवू नका, तुटतो. दुकानातल्या सरळ करायच्या दांडीनेच करून घ्या किंवा नवा घ्या. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तेव्हा जुना काढून नमुना म्हणून बरोबर न्या. वाकलेल्या हँगरवर स्क्रू लावणं म्हणजे भिंत कललेली असताना दाराची बिजागरी घासत बसणं.

हे सगळं सरळ झालं की मगच स्क्रू. एरवी मी म्हटलं असतं, त्यांना हात लावू नका. पण तुम्ही ते हलवलेत, म्हणजे आता मुळापासून लावणं आलं. त्यांचं काम गिअर बसवणं नाहीच. डिरेलरने बाहेर किती जायचं आणि आत किती जायचं, याच्या त्या फक्त हद्दी आहेत. एकाजवळ एच लिहिलेलं असतं, ती छोट्या चकतीची हद्द. एल ही मोठ्या चकतीची. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की हद्द आखडते, उलट फिरवलं की सैल होते. वायर सुटी असतानाच एच लावा: चेन छोट्या चकतीवर, मागून बघा, वरचं छोटं चाक चकतीच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर खाली आलं पाहिजे. मग एक हात पेडलवर ठेवून दुसऱ्या हाताने डिरेलर बाहेरच्या बाजूने हळू आत ढकला, चेन मोठ्या चकतीवर चढेल. वरचं छोटं चाक त्या चकतीच्या बरोबर खाली थांबलं पाहिजे. आणखी जोराने ढकललं तरी पुढे सरकता कामा नये. सरकत असेल तर एल पाव-पाव फेरा घट्ट करा. हा स्क्रू थोडा घट्ट राहिला तर फार तर शेवटचा गिअर पडणार नाही. सैल राहिला तर चढावर पूर्ण जोर लावलेल्या क्षणी डिरेलर तारांमध्ये जाईल, तारा तुटतील, आणि मग दुकानदार म्हणाला होता ते खरं होईल. तिसरा स्क्रू दिसला तर त्याला राहू द्या.

आता वायर जोडा. शिफ्टर सर्वांत छोट्या चकतीच्या गिअरवर, सातवर. डिरेलरमध्ये वायर शिरते तिथली हाताने फिरणारी गोल नळी पूर्ण आत करून एक-दीड फेरा बाहेर घ्या. वायर तिच्या खाचेतच आहे ना बघा, पकडीने ताणून धरा आणि बोल्ट आवळा, बहुतेकांना ५ मिलिमीटरची ॲलन की लागते. पेडल फिरवत एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चकतीवर गेली नाही तर मागे उभं राहून ती नळी घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा, ताण वाढेल. गेली की बारीक काम: दुसऱ्या चकतीवर असताना नळी तशीच हळूहळू फिरवत राहा, तिसऱ्या चकतीला चेन घासल्याचा आवाज येईपर्यंत. आवाज आला की थांबा आणि बंद होईल एवढंच मागे घ्या. ती जागा बरोबर. डोळ्यापेक्षा इथे कान उपयोगी, म्हणून शेजारची लाकूडगिरणी बंद असताना करा. वायरचं टोक टोपीने दाबून टाका, नाहीतर ते विंचरल्यासारखं सुटतं. नवं आउटर पहिले काही दिवस टोप्यांमध्ये बसतं, त्यामुळे थोडा ताण उतरेल. तेव्हा नळी पाव-अर्धा फेरा उलट फिरवायची, एवढंच. स्क्रू नाही.

राहिली ती चढावर जोर लावल्यावर सटकणारी चेन. वरचं सगळं करून टांगलेल्या सायकलीवर गिअर लोण्यासारखे पडले आणि तरी रस्त्यावर, जोर लावल्यावरच सटकलं, तर गिअरचा दोष नाही. चेन झिजलीय. स्टीलची पट्टी घ्या, टेप नको, चेन ताणलेली असताना एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर चेन बदला. एक सूत गेली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या सात चकत्यांच्या संचाचे, दातेही बहुधा खाल्ले गेलेत, आणि जुन्या दात्यांवर नवी चेन आणखी जास्त सटकेल; दोन्ही एकदम बदला. चेन मागताना सहा-सात-आठ गिअरची असं स्पष्ट सांगा. बिनगिअरच्या काळ्या सायकलीची चेन रुंद असते, ती चालत नाही. माप बरोबर असूनही ठरावीक अंतराने झटका बसत असेल तर पेडल उलटं फिरवून बघा. एखादी ताठ कडी छोट्या चाकावरून जाताना डिरेलर उचकतं. ती तेल घालून बोटांनी आडवी मोडत मोडत सैल होते.

त्यातला काही भाग चालवण्याचाही असतो, रागावू नका. आपल्याकडे खाडी समुद्रसपाटीला आणि गाव सड्यावर. धक्का सोडला की लगेच चढ छातीवर येतो, आणि आपण अर्ध्या चढावर पेडलवर उभं राहून गिअर बदलतो. त्या क्षणी चेनवर सगळा भार असतो, ती चकती बदलेल कशी? बोटीतच, किंवा चढ सुरू होण्याच्या दहा पेडल आधी हलका गिअर टाका. मध्येच बदलायची वेळ आली तर अर्धा फेरा पाय ढिला सोडून क्लिक करा. पुढे मोठी आणि मागेही मोठी चकती अशी तिरकी जोडी टाळा; तिथे कटकट येणारच, ती दुरुस्त होत नाही.

तेलाबद्दल एक गोष्ट आवर्जून. घरात असतं म्हणून चेनला खोबरेल घालू नका. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, हिवाळ्यातल्या पहाटे कड्यांत मेणासारखं बसतं, आणि वाळू तर धरूनच ठेवतं. चेन डिझेलने आणि जुन्या टूथब्रशने साफ करून, पुसून, प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला एक थेंब चेनचं तेल, पाच मिनिटांनी बाहेरून कोरडं पुसा. किनाऱ्यावर वाळूत नेलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, तेल द्या. उद्यावर टाकलं की लालीच आली समजा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. आठवड्यातून एकदा सायकल टांगून सगळे गिअर वरखाली फिरवले तर वायर आणि शिफ्टर दोन्ही चिकटत नाहीत.

आणि डिरेलर खरंच गेलंय का, ते शेवटी बघा. दोन छोटी चाकं धरणारा खालचा पिंजरा धरून आडवा हलवा. किंचित हालचाल नव्यातही असते, पण सांध्यातून तो बोटभर लटलटत असेल, छोट्या चाकांचे दाते सुरीच्या पात्यासारखे टोकदार झाले असतील, किंवा वायर सुटी असताना हाताने आत ढकलून सोडल्यावर ते आपणहून झटकन बाहेर येत नसेल आणि तेल देऊनही येत नसेल, तरच बदला. त्यातही हँगरची पट्टी जोडून येणारं आणि नुसतं बोल्टवर बसणारं असे दोन प्रकार मिळतात. दुकानात जाताना मोबाइलमध्ये तुमच्या जुन्याचा मागून आणि बाजूने एकेक फोटो काढून न्या.